'करूलालो', 'जाऊलालो' आणि गोष्टीतली माणसं

बेळगावचं पोर शिकायला पुण्याला गेलं की पहिल्या महिन्यात दोन गोष्टी घडतात. मेसची आमटी गोड लागते, आणि 'काय करूलालास रे?' असं तोंडून निघालं की खोलीतले बाकीचे हसतात. आमटीची हळूहळू सवय होते. हसण्यावर उपाय म्हणून मात्र पोर आपलं बोलणंच बदलून टाकतं. 'करूलालो'चं 'करतोय' होतं, 'जाऊलालो'चं 'जातोय' होतं. दिवाळीला घरी आल्यावर ते आजीशीसुद्धा तसंच बोलायला लागतं. निपाणी, खानापूर, चिकोडीच्या घरांतही थोड्याफार फरकानं हेच चालतं.

आपल्या भागातल्या घरांनी मराठीसाठी पुष्कळ सोसलं आणि पुष्कळ केलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून शाळा, वाचनालयं, साहित्य संमेलनं, नाटकं लोकांनी पदरमोड करून जपली. पण जपताना आपल्या डोळ्यांपुढे जी मराठी होती ती बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातली होती. घरातली, गल्लीतली, तंबाखूच्या वखारीतली मराठी म्हणजे 'आपली अशीच', चारचौघांत न दाखवण्याची. तिच्यात कानडी मिसळलेलं, तिचे हेल वेगळे, तिची क्रियापदं पुस्तकात न सापडणारी.

आणि तरी आधुनिक मराठी कथेतली काही फार जिवंत माणसं याच मुलखातून आली आहेत. बेळगावात वाढणारा लंपन इथला. निपाणीच्या महादेव मोरे यांनी रंगवलेले ड्रायव्हर आणि कामकरी बायका इथल्या. नियतीच्या कचाट्यात सापडलेली माणसं लिहिणारे जी. ए. कुलकर्णी चिकोडीजवळच्या एकसंब्यात जन्मले. आपल्या तरुण मंडळींपैकी अनेकांनी कॉलेजात इंग्रजीच्या तासाला अमेरिकन कथा अभ्यासल्या असतील. व्यक्तिरेखा आणि शैली हे शब्द परीक्षेसाठी पाठही केले असतील. त्याच कथांच्या शेजारी आपल्या या तीन लेखकांना ठेवून पाहू. गोष्टीतलं माणूस नेमकं कशानं उभं राहतं, आणि त्यात बोलीचा वाटा किती, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

न बोललेलं ऐकू येतं तेव्हा

अर्नेस्ट हेमिंग्वेची १९२७ सालची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' ही कथा जेमतेम काही पानांची आहे. स्पेनमधलं एक आडबाजूचं रेल्वे स्टेशन. बार्सिलोनाहून माद्रिदला जाणारी गाडी चाळीस मिनिटांत येणार आहे. एक अमेरिकन पुरुष आणि एक तरुणी बिअर पीत बसले आहेत. तो तिला एका शस्त्रक्रियेबद्दल सांगतो आहे. ती अगदी साधी असते, काही त्रास होत नाही, तुला नको असेल तर करू नकोस, असं पुन्हा पुन्हा बोलतो. शस्त्रक्रिया कसली, हे कथेत कुठेही लिहिलेलं नाही. ती गर्भवती आहे आणि त्याला मूल नको आहे, हे आपलं आपल्याला कळतं. तो स्वार्थी आहे असं लेखक म्हणत नाही, ती दुखावली आहे असंही म्हणत नाही. त्याच्या बोलण्यातली घाई आणि तिची तुटक उत्तरं यांतून दोघं समोर बसल्यासारखी दिसतात.

१९३२ सालच्या एका पुस्तकात हेमिंग्वेनं ही रीत हिमनगाची उपमा देऊन समजावली. हिमनगाचा आठवा हिस्सा पाण्यावर असतो, बाकीचा खाली. लेखकाला खालचं नीट ठाऊक असेल तर त्यानं ते लिहिलं नाही तरी वाचकाला जाणवतं.

आता आपल्याकडचं एक उदाहरण बनवून पाहू. नातू सुट्टी संपवून बंगळूरूला परत निघाला आहे. आजी त्याला सोडायला निपाणीच्या बसस्टँडवर आली आहे. एक लेखक लिहितो: आजीचं नातवावर फार प्रेम होतं आणि तो जाणार म्हणून तिला खूप वाईट वाटत होतं. दुसरा लेखक असं लिहितो:

आजीनं पिशवीची गाठ तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधली.
"कुंदा वरच हाय. दाबू नको."
"हं."
"ही गाडी लेट असती न्हवं?"
"नाही आजी, वेळेवर असते."
"लेट असती की रोज," आजी म्हणाली.

पहिल्या लेखकानं आजीच्या मनाची माहिती दिली. दुसऱ्यानं आजी दिली. गाडीला उशीर व्हावा ही तिची इच्छा तिनं बोलून दाखवली नाही, तरी ती आपल्याला ऐकू आली. आता शेवटच्या वाक्याला हात लावून पाहा. 'उशिरा येते ना रोज' असं करा. अर्थ तोच राहतो, पण ती आजी निपाणीची राहत नाही. त्या 'की'मध्ये थोडा हट्ट आहे, थोडी लाडीगोडी आहे, आणि 'मला सगळं ठाऊक आहे' हेही आहे. नातू 'असते' म्हणतो, आजी 'असती' म्हणते. एका अक्षराच्या फरकात दोघांमधलं बंगळूरूएवढं अंतर आलं. बोली ही व्यक्तिरेखेवर मागाहून लावलेली रंगरंगोटी नसते, ती अशी आतून काम करते.

ग्रंथालयानं बाहेर काढलेला मुलगा

आज जगभर मानानं वाचलं जाणारं अमेरिकन साहित्यसुद्धा एकेकाळी आपल्या बोलीमुळे हिणवलं गेलं होतं. मार्क ट्वेनची 'हकलबेरी फिन' ही कादंबरी १८८४ साली इंग्लंडमध्ये आणि १८८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ती कथा नव्हे, कादंबरी आहे, पण पुढच्या अमेरिकन कथेची भाषा तिच्यातून निघाली म्हणून तिचं नाव घ्यायलाच हवं. गोष्ट सांगतो तो हक, मिसिसिपीकाठचा एक अर्धशिक्षित पोरगा. व्याकरण मोडून, गावच्या बोलीत, मनात येईल तसं तो सांगत जातो. आपण किती निरनिराळ्या बोली वापरल्या आहेत, याची टीप ट्वेननं पुस्तकाच्या आरंभीच दिली आहे. सगळी पात्रं एकसारखं बोलायचा प्रयत्न करताहेत आणि त्यांना ते जमत नाही, असं वाचकाला वाटू नये म्हणून ही टीप, असा खोडकर खुलासाही केला आहे.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावच्या सार्वजनिक ग्रंथालयानं हे पुस्तक असभ्य आणि गावंढळ ठरवून काढून टाकलं. पुढे पन्नास वर्षांनी, १९३५ साली, हेमिंग्वेनं लिहिलं की सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून आलं आहे.

हकची बोली इतकी महत्त्वाची का? पळून आलेला गुलाम जिम हा हकचा सोबती आहे. त्याला पकडून देणं हेच पुण्य आणि लपवणं हे पाप, असं हकला शिकवलेलं आहे. तो जिमला पकडून देत नाही आणि आपण वाईट आहोत, नरकात जाणार, असं मनापासून मानतो. वाचकाला मात्र त्याचा चांगुलपणा लख्ख दिसतो. हकला जे कळत नाही ते आपल्याला कळतं, कारण तो त्याच्याच शब्दांत बोलतो आहे. तो सुशिक्षित भाषेत बोलला असता तर त्याचा भोळेपणा खोटा वाटला असता, आणि मग चांगुलपणाही खोटा वाटला असता.

लंपनचा 'मॅड' आणि लंपनचे आकडे

हकच्या शेजारी बसवावा असा मुलगा बेळगावात आहे. प्रकाश नारायण संत १९३७ साली बेळगावात जन्मले. कवयित्री इंदिरा संत या त्यांच्या आई. ते पुढे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक म्हणून कराडला राहिले. तरुणपणी थोडं लिहून मधली कितीतरी वर्षं ते गप्प होते. मग १९९४ साली 'वनवास' आलं, त्यापाठोपाठ 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. चारही पुस्तकांत लंपन नावाच्या एका शाळकरी मुलाच्या गोष्टी आहेत. आईवडील दुसऱ्या गावी, आणि लंपन आजी-आजोबांजवळ. पहिल्या पुस्तकाचं नाव 'वनवास' का, हे यावरून कळावं. संत २००३ साली गेले. २०२४ मध्ये निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेली 'लंपन' ही मालिका सोनी लिव्हवर आली, त्यामुळे पुस्तक न वाचलेल्या मुलांनाही हे नाव ठाऊक झालं.

लंपनची भाषा ओळखायच्या दोन सोप्या खुणा आहेत. एक म्हणजे 'मॅड' हा शब्द. दुसरी म्हणजे त्याचे आकडे. 'खूप वेळा' असं म्हणून त्याचं भागत नाही. तो काहीतरी भलामोठा, पण शेवटच्या एककापर्यंत नेमका आकडा सांगतो. पहिल्यांदा वाचताना आपण हसतो. दहा-बारा पानांनंतर लक्षात येतं की हा मुलगा आकड्यांचा आधार घेतो आहे. ज्या गोष्टी मोजता येत नाहीत, म्हणजे दूर असलेली आई, मैत्रिणीबद्दल वाटणारं काहीतरी, मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावरची चिंता, त्यांच्यासाठी त्याच्याजवळ शब्द नाहीत. मग तो मोजता येण्याजोग्या गोष्टी अगदी काटेकोर मोजतो, आणि जे उरतं त्याला 'मॅड' म्हणतो. एका शब्दात त्याचं आश्चर्य, आनंद, गोंधळ आणि दुःखही मावतं.

मोठ्या माणसानं लहानपणाबद्दल लिहिलेलं पुष्कळ असतं. त्यात बहुधा मोठं माणूस मधूनमधून डोकावतं आणि 'तेव्हा मला कळलं नव्हतं' असं सांगून जातं. संत हे करत नाहीत. लंपनच्या उंचीवरून जेवढं दिसतं तेवढंच ते दाखवतात. कानडी शब्द, कानडी वळणाची नावं, बेळगावचा पाऊस, गाणं शिकवणारं विद्यालय हे सगळं लंपनच्या बोलण्यात सहज येतं. तळटीप देऊन समजावायला कुणी थांबत नाही. पुण्यामुंबईच्या वाचकांनी या गोष्टी डोक्यावर घेतल्या, त्यांना कुठला शब्द अडला नाही. अडला असेल तर त्यांनी तो शिकून घेतला. लंपन त्यांच्यासाठी आपली भाषा बदलत बसला नाही, म्हणून त्यांनीच चार पावलं पुढे यायचं ठरवलं. मेसमध्ये हसणाऱ्या मित्रांपुढे गप्प होणाऱ्या पोरानं यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

एक फरकही सांगायला हवा. हक हा समाजाबाहेर फेकलेला मुलगा आहे. लंपनचं घर पुस्तकांचं, गाण्याचं, पांढरपेशा वळणाचं आहे, आणि त्याची बेळगावी भाषाही त्या घरातली आहे. वखारीत, गॅरेजात, शेतात बोलली जाणारी सीमाभागातली मराठी ऐकायची असेल तर निपाणीला जावं लागतं.

बेकरी आणि गिरणी

निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूरू महामार्गावर बसले होते, ते आंदोलन आपल्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. त्या निपाणीत महादेव मोरे आयुष्यभर राहिले. त्यांनी टॅक्सी चालवली, मोटारींच्या धंद्यात दिवस काढले आणि नंतर पिठाची गिरणी चालवत लिहिलं. दळण टाकायला येणाऱ्या माणसांच्या गर्दीत, पिठानं माखलेल्या हातांनी त्यांनी कथा आणि कादंबऱ्यांची रांग उभी केली. २०२४ साली त्यांचं निधन झालं.

त्यांच्या एका पुस्तकाच्या नावातच त्यांची नजर दिसते: 'एकोणिसावी जात'. आपण अठरापगड जाती म्हणतो. मोऱ्यांनी ड्रायव्हर लोकांची एकोणिसावी जात मांडली. गाडीवर चढलं की जन्माची जात मागे पडते, आणि रस्ता, ढाबा, रात्रपाळी, मालकाची शिवी, क्लीनरची सोबत यांची नवी जात सुरू होते. हे नाव समाजशास्त्राच्या पुस्तकातून सुचणारं नव्हे. ते स्टेअरिंगमागे बसलेल्या माणसालाच सुचतं.

मोऱ्यांच्या पिढीचाच एक अमेरिकन लेखक रेमंड कार्व्हर. जन्म १९३८, ऑरेगन राज्यातला. वडील लाकडाच्या वखारीत कामाला. कार्व्हरनं स्वतः इस्पितळात रात्री झाडलोट करण्याचं काम केलं. त्याच्या कथांत वेट्रेस, सेल्समन, काम सुटलेले, दारूत बुडालेले लोक येतात. वाक्यं छोटी, शब्द रोजच्या वापरातले.

त्याची एक कथा दोन रूपांत मिळते, आणि शैली बदलली की माणूस कसं बदलतं हे शिकायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. एक आई मुलाच्या वाढदिवसाचा केक बेकरीत सांगून येते. वाढदिवसाच्या दिवशीच मुलाला मोटार धडकते आणि तो इस्पितळात बेशुद्ध पडतो. केक कुणी न्यायला येत नाही म्हणून बेकरीवाला घरी फोन करत राहतो. त्याला काही ठाऊक नाही, आणि आईबापांना हा कोण छळतो आहे ते उमगत नाही. १९८१ सालच्या संग्रहात 'द बाथ' या नावानं ही कथा आली. तिथे ती फोनवरच्या आवाजाशी तुटून थांबते. बेकरीवाला हा नुसता एक भीतिदायक आवाज राहतो. त्या संग्रहातल्या कथांवर संपादक गॉर्डन लिश यांनी जबरदस्त कात्री चालवली होती. १९८३ साली कार्व्हरनं तीच कथा 'अ स्मॉल, गुड थिंग' या नावानं सविस्तर छापली. तिच्यात मूल दगावतं. आईबाप रागानं पेटून रात्री बेकरीत जातात. खरं कळल्यावर बेकरीवाला ओशाळतो, त्यांना बसवतो, भट्टीतून काढलेला गरम पाव पुढे ठेवतो, आणि आपल्या एकट्या आयुष्याबद्दल बोलतो. तिघं पहाटेपर्यंत बसून राहतात.

थोडक्यात लिहिणं नेहमी चांगलंच असं वर्गात सांगतात. ही दोन रूपं वाचली की कळतं की कात्री लावताना माणूसही कापला जाऊ शकतो. बेकरीवाल्याला बोलू दिलं तेव्हाच तो माणूस झाला.

मोऱ्यांची ताकद नेमकी इथे आहे. ते आपल्या माणसांना बोलू देतात. तंबाखूच्या धुरळ्यात राबणारी बाई, मोटारीखाली शिरलेला मिस्त्री, घरच्यांनी टाकलेली माणसं आपापल्या शब्दांत, शिव्यांसकट आणि विनोदासकट बोलतात. ही निपाणीची बोली कोल्हापूरला जवळची, कानडीच्या शेजारानं वळलेली आहे. लेखक त्यांची कीव करत नाही, त्यांना आदर्शही करत नाही. गिरणीवाला जसा सगळ्यांचं दळण सारख्याच मापानं घेतो, तसं हे आहे. मोऱ्यांच्या वाट्याला समीक्षकांचं लक्ष त्यांच्या योग्यतेच्या मानानं कमी आलं, असं माझं मत आहे. मुंबईपुण्यापासून लांब असणं हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आपण स्वतः आहोत. निपाणी-बेळगावच्या किती मराठी घरांच्या कपाटात त्यांचं एखादं तरी पुस्तक आहे, हे मोजायला आकड्यांचा शौकीन लंपनच हवा.

एकसंब्याहून ओहायोला

आता मी वर मांडलं त्याच्या उलट जाणारा लेखक. जी. ए. कुलकर्णी १९२३ साली एकसंब्यात जन्मले, त्यांचं लहानपण बेळगावात गेलं, आणि पुढे धारवाडच्या जे. एस. एस. कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. 'निळासावळा', 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन', 'काजळमाया', 'पिंगळावेळ' हे त्यांचे कथासंग्रह. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाल्यावर त्यांनी तो परत केला.

जी. एं.च्या कथेचं निवेदन बोलीत नाही. ते घडीव, प्रतिमांनी भरलेलं, थेट ग्रांथिक मराठीत असतं. मग बोलीवाचून माणूस उभं राहत नाही, हे म्हणणं खोटं ठरतं का? ठरत नाही, पण त्याला एक जोड द्यावी लागते. लेखकाची भूमी त्याच्या शब्दांत असते तशी त्याच्या पाहण्यातही असते. जी. एं.च्या कथांतला रखरखीत उजेड, मराठी-कानडी मिसळलेली वस्ती, पडकी घरं, जुनी देवळं, उतरती कळा लागलेली कुटुंबं ही आपल्या मुलखातली आहेत. त्यांची माणसं बोलून जेवढी कळतात त्याहून जास्त त्यांच्याभोवतीच्या वस्तूंतून, रंगांतून, सावल्यांतून कळतात.

अमेरिकेतली फ्लॅनरी ओकॉनर याबाबतीत त्यांच्याजवळची वाटते. जॉर्जिया राज्यातल्या एका शेतघरात आजारपण काढत लिहिणारी ही लेखिका १९६४ साली एकोणचाळीसाव्या वर्षी गेली. तिच्या 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड' या कथेत एक बडबडी आजी कुटुंबासोबत सहलीला निघते. मांजर लपवून बरोबर घेते. एक जुनं घर दाखवायच्या हट्टानं गाडी आडरस्त्याला वळवायला लावते. ते घर इथलं नव्हेच हे तिला मधेच आठवतं, ती दचकते, मांजर उसळतं, गाडी उलटते, आणि समोर येतो तुरुंगातून पळालेला खुनी. एवढ्याएवढ्या हट्टांची साखळी मरणापर्यंत जाते.

जी. एं.ची 'स्वामी' ही कथा आठवा. प्रवासात अडकलेल्या एका माणसाला आग्रहानं मठात नेलं जातं. आदरातिथ्य होतं, मान मिळतो, आणि बघता बघता तो त्या मानाचाच कैदी होतो. दोन्ही कथांत सापळा एकदम पडत नाही. माणूस आपल्याच छोट्या पावलांनी त्यात शिरतो. फरक आहे तो आवाजात. ओकॉनर आजीला बडबडू देते आणि आपण हसता हसता गारठतो. जी. ए. हसू देत नाहीत. पहिल्या परिच्छेदापासून त्यांची भाषा ढगासारखी दाटत जाते.

अमेरिकन साहित्याशी जी. एं.चं एक प्रत्यक्ष नातंही होतं. कॉनराड रिक्टर या लेखकाच्या पाच कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. त्यांतल्या तीन एका मालेतल्या आहेत, ओहायोच्या खोऱ्यातलं घनदाट जंगल तोडून वसलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांच्या. रिक्टरनं त्या जुन्या लोकांची बोली धुंडाळून आपल्या भाषेत आणली होती. 'द ट्रीज', 'द फील्ड्स' आणि 'द टाउन' या तीन पुस्तकांची जी. एं.नी दिलेली नावं पाहा: 'रान', 'शिवार', 'गाव'. 'वृक्ष', 'शेते' आणि 'शहर' असं कोशातून करता आलं असतं. पण रान मोडून शिवार होतं आणि शिवाराकाठी गाव वसतं, हा क्रम चिकोडी-निपाणीच्या कुठल्याही शेतकऱ्याला न शिकवता कळतो. ओहायोची गोष्ट मराठीत आणताना त्यांना आपल्याच मातीतले शब्द उपयोगी पडले.

शुद्ध कशाला म्हणायचं?

या तिघांना एकत्र पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिघांच्याही मराठीला कानडीचा शेजार आहे आणि तिघांनीही तो लपवला नाही. आपण अण्णा, अक्का, अप्पा म्हणतो तेव्हा मराठी बुडत नाही. सीमेचा प्रश्न आपल्या जागी आहे, मराठी शाळा आणि मराठी पाट्यांचा आग्रहही आपल्या जागी आहे. पण त्या लढाईच्या भरात घरातल्या बोलीतलं कानडी खुडून टाकायला आपण निघालो, तर जे वाचवायचं तेच हातचं जाईल. पुण्याची मराठी सांभाळायला पुणं समर्थ आहे. 'करूलालो' सांभाळायला आपल्याशिवाय कुणीच नाही.

आणि वेळ फार नाही. आज घरातली सत्तरी-ऐंशीची माणसं ही बोली पूर्ण बोलतात, चाळिशीतली माणसं घरात एक आणि बाहेर एक बोलतात, आणि मुलं ती समजतात पण बोलत नाहीत. आणखी एका पिढीनं समजणंही थांबेल. तेव्हा लंपन वाचायला आपल्याच नातवंडांना शब्दार्थ लागतील. ट्वेननं मिसिसिपीकाठची बोली लिहून ठेवली म्हणून ती आज ऐकता येते. आपल्याकडे संत आणि मोऱ्यांनी बरंच लिहून ठेवलं, पण दोन माणसांनी सगळा मुलूख मावत नाही. खानापूरच्या जंगलपट्टीतली मराठी, बेळगावच्या शहापुरातली विणकरांची मराठी, चिकोडीच्या बाजारातली मराठी, या सगळ्यांना आपापला लेखक हवा आहे.

कुठून सुरुवात करावी

शाळेतल्या मुलांनी 'वनवास'पासून करावी. कॉलेजातल्यांनी जी. एं.चं 'माणसे: अरभाट आणि चिल्लर' घ्यावं. बेळगावातल्या लहानपणीची माणसं त्यात आहेत, आणि कथांच्या मानानं ते पुस्तक सहज उघडतं. त्यानंतर 'स्वामी' आणि ओकॉनरची कथा एकामागोमाग वाचावी. नोकरीसाठी रोज रस्त्यावर असणाऱ्यांना 'एकोणिसावी जात' जवळचं वाटेल.

वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवले तरी पुरे. हे माणूस काय बोलतं आणि काय गिळतं? हेच वाक्य दुसऱ्या पात्राच्या तोंडी घातलं तर चालेल का? लेखकानं मधे येऊन काही समजावलं असेल, तर ते काढल्यावर गोष्ट सुधारते की पडते? या प्रश्नांची उत्तरं शोधायला समीक्षेचं कुठलंही जड पुस्तक लागत नाही.

आणि या सुट्टीत एक करून पाहा. जेवणं झाल्यावर लंपनची एखादी गोष्ट घरात मोठ्यानं वाचा. वाचायला मराठीत सगळ्यात जास्त मार्क मिळवणाऱ्याला बसवू नका, आजीला किंवा आजोबांना बसवा. ते मधेच थांबून 'आमच्या वेळी असंच हुतं की' म्हणून स्वतःचं काहीतरी सांगायला लागतील. तेव्हा पुस्तक बाजूला ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा, आणि त्यांचा एकही शब्द दुरुस्त करू नका.